आठ सेंटिमीटर आणि एक गिरकी



डिसेंबर महिना उजाडला की आपल्याकडे शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. अमेरिकेतील बॅले शाळांतही याच सुमारास अशीच धांदल असते. फरक इतकाच की, आपल्याकडे दर वर्षी नवे नाटक, नवे नाच बसवतात. तिकडे मात्र पुष्कळ शाळा दर नाताळात एकच नृत्यनाट्य करतात. त्याचे नाव ‘नटक्रॅकर’.

नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडण्याचे साधन. गोष्टीतल्या मुलीला नाताळच्या आदल्या रात्री शिपायाच्या आकाराचा एक लाकडी नटक्रॅकर भेट मिळतो. मध्यरात्री उंदरांची फौज चाल करून येते, लाकडी शिपाई जिवंत होऊन त्यांच्याशी लढतो आणि शेवटी राजपुत्र बनून मुलीला बर्फाच्या रानातून मिठायांच्या देशात घेऊन जातो. ही कथा हॉफमान या जर्मन लेखकाची. तिच्यावर आधारलेल्या या बॅलेला चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराने संगीत दिले आणि त्याचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्ग येथील मारिइन्स्की नाट्यगृहात १८ डिसेंबर १८९२ रोजी झाला. त्या पहिल्या प्रयोगातही मुलांच्या भूमिका नृत्यशाळेच्या विद्यार्थ्यांनीच केल्या होत्या. पुढे १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आणि १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये तो संपूर्ण स्वरूपात रंगमंचावर आला आणि अमेरिकेत नाताळचा नटक्रॅकर ही प्रथाच पडून गेली. न्यूयॉर्कचा प्रयोग बसवणारे जॉर्ज बॅलन्शीन यांनी रशियात विद्यार्थी असताना स्वतः या बॅलेत भूमिका केल्या होत्या.

न्यूयॉर्कच्या या प्रयोगात एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. मध्यरात्रीचे टोले पडतात आणि दिवाणखान्यातले नाताळचे झाड प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढू लागते. १२ फुटांचे झाड ४१ फुटांचे होते! सगळे नाट्यगृह त्या झाडाकडे पाहत राहते.

पण मित्रहो, त्या रंगमंचावर आणखीही काहीतरी वाढत असते. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ती वाढ व्हायला एक मिनिट नव्हे, एक वर्ष लागते. ते म्हणजे नाचणारी मुले! संगीत तेच, पावले तीच, रंगमंच तोच. पण गेल्या डिसेंबरात १५० सेंटिमीटर उंच असलेली मुलगी या डिसेंबरात १५८ सेंटिमीटर उंच झालेली असते. या आठ सेंटिमीटरांनी काय होते? पोशाख आखूड होतो, हे तर झालेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिची गिरकी चुकू लागते. असे का बरे व्हावे? आज आपण याचाच हिशेब मांडणार आहोत.

गिरकी कशी घेतात?

बॅलेमध्ये एका पायाच्या चवड्यावर किंवा बोटांच्या टोकांवर उभे राहून स्वतःभोवती फिरतात. या गिरकीला ‘पिरूएत’ म्हणतात. गिरकीपूर्वी नर्तिका एक पाय पुढे आणि एक पाय मागे ठेवून, गुडघे किंचित वाकवून उभी राहते. मग एका पायाने ती जमिनीला एका दिशेने रेटते आणि दुसऱ्या पायाने त्याच्या उलट दिशेने. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीनही तिच्या दोन्ही पायांना उलट रेटते. एकमेकांपासून काही अंतरावर, विरुद्ध दिशांनी लागणाऱ्या अशा दोन समान बलांच्या जोडीला ‘बलयुग्म’ म्हणतात, हे तुम्ही शिकला असाल. पाण्याचा नळ उघडताना आपण दोन बोटांनी बलयुग्मच लावतो. या बलयुग्मामुळे नर्तिकेला ‘कोनीय संवेग’ मिळतो. सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूला जसा संवेग असतो, तसाच फिरणाऱ्या वस्तूला कोनीय संवेग असतो.

एकदा मागचा पाय जमिनीवरून उचलला की बलयुग्म संपले. आता एका टोकावर उभ्या असलेल्या नर्तिकेला जमीन आणखी फिरवू शकत नाही. घर्षणामुळे होणारी थोडी घट सोडली, तर मिळालेला कोनीय संवेग तेवढाच राहतो. जी काही शिदोरी बांधायची ती पाय उचलण्यापूर्वीच बांधावी लागते!

या शिदोरीत किती वेगाने फिरता येईल? ते ‘जडत्व परिबल’ या राशीवर ठरते. फिरण्याच्या अक्षापासून वस्तुमान जितके लांब, तितके जडत्व परिबल जास्त आणि वस्तू फिरवणे तितके कठीण. शरीराच्या प्रत्येक कणाचे वस्तुमान घ्यायचे, त्याला अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची, की जडत्व परिबल मिळते. अंतराचा वर्ग येतो, हे नीट ध्यानात ठेवा. पुढची सगळी गंमत त्यातच आहे. कोनीय संवेग म्हणजे जडत्व परिबल आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. म्हणूनच पसरलेले हात छातीशी घेतले की जडत्व परिबल कमी होते आणि गिरकीचा वेग वाढतो.

लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ

आता वाढीकडे वळू. १ सेंटिमीटर बाजूचा एक घन आणि २ सेंटिमीटर बाजूचा दुसरा घन डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्याची लांबी दुप्पट, एका पृष्ठाचे क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट. म्हणजे लांबी वाढली की क्षेत्रफळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात आणि घनफळ तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्राण्यांच्या शरीराला या नियमाचा काय जाच होतो, ते गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. मोठ्या प्राण्याचे हाड लहान प्राण्याच्या हाडाची नुसती मोठी प्रतिकृती असून चालत नाही. ते प्रमाणाबाहेर जाड असावे लागते.

स्नायूची ताकद ढोबळमानाने त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून ताकद लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वस्तुमान घनफळाबरोबर, म्हणजे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आणि जडत्व परिबल? त्यात वस्तुमान आहे, म्हणजे लांबीचे तीन घात. शिवाय अंतराचा वर्ग आहे, म्हणजे आणखी दोन घात. एकूण पाच! जडत्व परिबल लांबीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते.

आता आपल्या नर्तिकेचे आकडे घालू. १५८ भागिले १५० म्हणजे सुमारे १.०५३. मुलगी सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढली असे धरू.

उंची : १.०५ पट
स्नायूंची ताकद : १.११ पट
वस्तुमान : १.१७ पट (४० किलोग्रॅम असेल तर सुमारे ४७ किलोग्रॅम)
जडत्व परिबल : १.३० पट

पाहिलेत? उंची अवघी ५ टक्क्यांनी वाढली. पण शरीर फिरवणे ३० टक्क्यांनी जड झाले!

पाठमोरी नर्तिका

समजा, गेल्या वर्षी ही मुलगी एका सेकंदात दोन गिरक्या घेऊन बरोबर प्रेक्षकांकडे तोंड करून थांबत असे. या वर्षीही तिने सवयीप्रमाणे तेवढाच रेटा दिला. कोनीय संवेग तेवढाच, जडत्व परिबल मात्र १.३० पट. म्हणून २ भागिले १.३०, म्हणजे सुमारे दीडच गिरकी होईल. संगीत काही तिच्यासाठी थांबत नाही. ठोका पडेल तेव्हा बिचारी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असेल!

तुम्ही म्हणाल, “पण सर, ती आता अधिक बलवानही झाली असेल ना?” शंका रास्त आहे. ताकद १.११ पट झाली आणि दोन पायांमधले अंतरही १.०५ पट झाले. म्हणून तिने सगळा जोर लावला, तर बलयुग्म १.१७ पट मिळेल. रेटा देण्याचा वेळ तेवढाच धरला, तर वेग १.१७ भागिले १.३०, म्हणजे ०.९० पट होईल. दोनऐवजी १.८ गिरक्या. तरीही ७० अंशांहून अधिक कमीच! सगळी ताकद वापरूनही जुनी गिरकी जुन्या रीतीने पुरी होत नाही.

प्रत्यक्षात तर अडचण याहूनही वाढते, कारण शरीर सर्व बाजूंनी एकाच वेळी वाढत नाही. वाढीच्या वेगवान काळात आधी हातपाय लांब होतात, धड नंतर वाढते आणि स्नायूंची ताकद उंचीच्या मागून येते. मुलींमध्ये हा काळ साधारणपणे ११ ते १३ या वयांत येतो आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. या काळात एका वर्षात ८ सेंटिमीटर वाढ होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आणि नटक्रॅकरमध्ये छोट्या भूमिकांतून मोठ्या भूमिकांकडे जाण्याचे वयही नेमके हेच!

उडीचे काय? तोलाचे काय?

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. गिरकी बिघडली तरी उडी बिघडत नाही. उडी मारताना पायांचे स्नायू जे कार्य करतात, ते म्हणजे बल गुणिले अंतर. बल लांबीच्या वर्गाप्रमाणे आणि गुडघे सरळ होताना शरीर वर येण्याचे अंतर लांबीप्रमाणे; म्हणून कार्य लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. उचलायचे वस्तुमानही घनाप्रमाणेच वाढते. दोन्ही सारखेच वाढल्यामुळे उडीची उंची जवळजवळ तेवढीच राहते. इटालियन शास्त्रज्ञ बोरेली याने सतराव्या शतकातच असा युक्तिवाद केला होता.

३० सेंटिमीटर उंच उडी मारली, तर हवेत राहण्याचा वेळ सुमारे ०.४९ सेकंद येतो. गणित तुम्हाला करता येईल: वर जायला जेवढा वेळ तेवढाच खाली यायला, आणि गुरुत्व त्वरण ९.८. हा वेळ उंच मुलीलाही तेवढाच मिळतो आणि ठेंगण्या मुलीलाही तेवढाच.

तोलाच्या बाबतीत तर उंचीचा किंचित फायदाच होतो. तळहातावर पेन्सिल उभी धरण्याचा प्रयत्न करा, क्षणात पडेल. आता लांब काठी उभी धरा. ती सावरता येते. उभी वस्तू जितकी लांब, तितकी ती सावकाश कलंडते आणि कलंडण्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या नर्तिकेला तोल सावरायला सुमारे अडीच टक्के जास्त वेळ मिळेल. फायदा छोटा, पण फायदाच.

म्हणजे आरशासमोर सराव करणाऱ्या त्या मुलीला काय अनुभव येईल? उडी पूर्वीसारखी, तोल पूर्वीसारखा किंवा किंचित बरा, आणि गिरकी मात्र पार बिघडलेली! तिला वाटणार, आपले कौशल्यच गेले, आपण आळशी झालो. खरे तर तिचे काहीही गेलेले नसते. तिचे शरीर हे एक नवे उपकरण झालेले असते आणि ती ते जुन्या मापाने चालवू पाहत असते.

मग उपाय काय?

उपाय भौतिकशास्त्रातच आहे. बलयुग्म वाढवायचे असेल, तर दोन पायांमधले अंतर वाढवता येते. पूर्वी ती ४० सेंटिमीटर अंतर ठेवत असेल, तर उंचीच्या प्रमाणात ते ४२ होईल; पण वेगाची १० टक्क्यांची तूट भरून काढायला ते सुमारे ४७ सेंटिमीटर हवे. किंवा रेटा थोडा जास्त वेळ देता येतो. किंवा हात पूर्वीपेक्षा जवळ घेऊन जडत्व परिबल कमी करता येते. चांगले नृत्यशिक्षक या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या बदलून घेतात. नियमाशी भांडून उपयोग नसतो. त्याला विचारून पाऊल टाकावे लागते.

नृत्य आणि भौतिकशास्त्र यांची ही सांगड काही माझी नव्हे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाच्या गावी डिकिन्सन महाविद्यालयात केनेथ लॉज हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः बॅले शिकले आणि १९८४ साली त्यांनी नृत्याच्या भौतिकशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. गिरकी, उडी, तोल या सर्वांचा त्यांनी असाच नियमांच्या आधारे विचार केला आहे.

स्वतः करून पाहा

‘पाचवा घात’ म्हटल्यावर विश्वास बसत नसेल, तर हा प्रयोग करा. ३० सेंटिमीटरच्या दोन सारख्या पट्ट्या आणि अर्धा मीटर लांबीची तांब्याची बारीक तार घ्या. तारेचे वरचे टोक घट्ट बांधा.

(अ) एक पट्टी मध्यावर बांधून आडवी टांगा. तिला थोडा पीळ देऊन सोडा. ती डावीकडे-उजवीकडे झुलेल. पाच झोक्यांना लागणारा वेळ मोजा.

(आ) आता दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून मध्यावर बांधा आणि वेळ मोजा. वस्तुमान दुप्पट झाले. वेळ सुमारे १.४ पट येईल.

(इ) शेवटी त्याच दोन पट्ट्या टोकाला टोक लावून चिकटपट्टीने जोडा. जोड वाकू नये म्हणून पाठीमागे पेन्सिलीचा तुकडा बांधा. जोडापाशी तार बांधून पुन्हा वेळ मोजा. तो पहिल्या वेळेच्या सुमारे २.८ पट येईल.

(आ) आणि (इ) मध्ये वस्तुमान जवळजवळ सारखेच आहे, तरी वेळ दुप्पट झाला! वेळ जडत्व परिबलाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ लांबी वाढल्यामुळे जडत्व परिबल चौपट झाले. पट्टीची रुंदी आणि जाडीही लांबीबरोबर दुप्पट केली असती, तर जडत्व परिबल एका पट्टीच्या ३२ पट झाले असते. दोनाचा पाचवा घात ३२ च नाही का?

एक आठवण

हा हिशेब मला इतका जवळचा का वाटतो, ते सांगून लेख संपवतो. मी शाळेत असताना मल्लखांबाच्या संघात होतो. नववीत गेलो आणि एका वर्षात ताडमाड वाढलो. आदल्या वर्षी सहज जमणाऱ्या उड्या आणि पकडी जमेनाशा झाल्या. आमचे मास्तर म्हणाले, “सराव कमी पडतोय.” मी सराव दुप्पट केला, पण तो जुन्याच रीतीने. संमेलनाच्या दिवशी सर्वांसमोर घसरलो आणि त्यानंतर मल्लखांब कायमचा सोडला. स्वतःच्या वजनाच्या मानाने माझी ताकद कमी झाली होती आणि शरीर वळवणे जड झाले होते, हे मला पुढे एम. एस्सी. करताना उमगले. दोष माझा नव्हता, मास्तरांचाही नव्हता. हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

तेव्हा मित्रहो, कथकच्या चकरा चुकू लागल्या, गोलंदाजीची लय बिघडली किंवा मल्लखांबावर हात सुटू लागला, तर हताश होण्यापूर्वी एक काम करा. दाराच्या चौकटीवरची उंचीची खूण पाहा. ती दोन-तीन बोटे वर सरकली असेल, तर सोडून देऊ नका. नव्या मापाने पुन्हा शिका. आणि शिक्षकांना माझी नम्र विनंती की, विद्यार्थ्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्यांनीही ती खूण एकदा पाहावी.

तुमच्यासाठी प्रश्न

१. १२० सेंटिमीटर उंचीचा मुलगा १३२ सेंटिमीटर उंच झाला. वाढ सर्व बाजूंनी सारखी धरल्यास त्याचे वस्तुमान आणि जडत्व परिबल किती पट होईल?

२. एक नर्तक ३० सेंटिमीटर उंच उडी मारून हवेत नेमकी एक गिरकी घेतो. उंची वाढल्यामुळे त्याचा फिरण्याचा वेग ०.९ पट झाला. तेवढीच उडी मारली, तर गिरकी किती अंशांनी अपुरी राहील? ती पुरी होण्यासाठी किती उंच उडी मारावी लागेल?

(उत्तरे : १. सुमारे १.३३ पट आणि १.६१ पट. २. ३६ अंश, सुमारे ३७ सेंटिमीटर.)